भाभा अणुसंशोधन केंद्रात नोकरी: एका घरातल्या तिघांसाठी सविस्तर उत्तर

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तू परभणी जिल्ह्यातली, मेकॅनिकल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. धाकट्या भावाचं फिटरचं आयटीआय नुकतंच झालंय. काका लवकरच लष्करातून निवृत्त होतायत. तुम्हा तिघांना भाभा अणुसंशोधन केंद्रात काही जमेल का, आत काम नेमकं काय असतं, किरणोत्सर्गाची भीती कितपत खरी, आणि ‘तिथे लागलेला माणूस घरीसुद्धा काही बोलत नाही’ म्हणतात ते खरं का, असं तू विचारलंस. मी यंत्र-अभियंता म्हणून अणुऊर्जा विभागात चौतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी ट्रॉम्बेला, म्हणजे मुंबईतल्या याच केंद्रात. माझी धाकटी मुलगी तुझ्यापेक्षा मोठी आहे, म्हणून तुला ‘तू’ म्हणतोय.

भावाचं आधी बोलतो, कारण घाई त्याला आहे.

दहावीनंतर आयटीआय किंवा बारावी विज्ञान झालेल्यांना केंद्र ‘स्टायपेंडरी ट्रेनी, कॅटेगरी दोन’ म्हणून घेतं. डिप्लोमावाले आणि बीएस्सीवाले कॅटेगरी एकमध्ये जातात. शिकताना दरमहा विद्यावेतन मिळतं आणि प्रशिक्षण नीट पार पडलं की नोकरीत सामावून घेतात. २०२३ साली जी मोठी जाहिरात निघाली तिच्यात एकूण ४,३७४ जागा होत्या आणि त्यातल्या २,९४६ एकट्या कॅटेगरी दोनच्या होत्या. या संस्थेचा सगळ्यात रुंद दरवाजा फिटर, टर्नर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन आणि प्लांट ऑपरेटर यांच्यासाठी उघडतो, हे आपल्याकडे फार कमी घरांत माहीत असतं. पण त्या दरवाजाला वयाची कडी आहे: खुल्या वर्गासाठी १८ ते २२. मागासवर्गीयांना नियमाप्रमाणे सवलत.

हे बावीस वर्षांचं गणित आपल्या मुलांना नडतं. अठरा-एकोणिसाव्या वर्षी आयटीआय होतं. मग एक-दोन वर्षं सैन्यभरतीसाठी पहाटे धावण्यात जातात, मग पोलीसभरती, मग तालुक्याच्या अभ्यासिकेत राज्यसेवेची पुस्तकं. ट्रॉम्बेची जाहिरात समोर येते तेव्हा वय तेवीस झालेलं असतं. कॅटेगरी एकचंही तसंच, तिथे मर्यादा २४ ची. हातात उत्तम कसब असलेली किती मुलं अशी वयात अडकलेली पाहिली, मोजदाद नाही. जाहिरात दरवर्षी ठरल्या महिन्यात निघेल अशी खात्री नसते, म्हणून तयारी आधीपासून हवी. प्राथमिक परीक्षा गणित, विज्ञान आणि सामान्य ज्ञानाची, नंतरची त्याच्या ट्रेडवर आणि शेवटी कौशल्य चाचणी. त्याला म्हणावं, कानस आणि बारीक माप घ्यायचा व्हर्नियर हातातून सोडू नकोस. चाचणीत तेच बघतात.

आणि ‘नुसता फिटर होऊन काय करणार’ असं घरात कोणी म्हणत असेल, तर त्यांना हे वाचून दाखव.

मी नोकरीत नवा होतो तेव्हा मला एका उपकरणाचं झाकण काढायचं होतं, म्हणजे कागदावर. उपकरण कशाचं ते सांगत नाही, तेवढं चालवून घे. ते हॉट सेलमध्ये बसणार होतं. हॉट सेल म्हणजे जाड काँक्रीटची खोली. आतल्या वस्तूला माणसाने हात लावायचा नाही. बाहेर उभं राहून शिसं मिसळलेल्या जाड पिवळसर काचेतून बघायचं आणि भिंतीतून आरपार गेलेल्या यांत्रिक हातांनी, मॅनिप्युलेटरने, आतलं काम करायचं. मी झाकणाला आठ साधे षटकोनी बोल्ट दाखवले. ड्रॉइंग वर्कशॉपमध्ये गेलं. तिथल्या फोरमननी ते बघितलं आणि काही न बोलता मला सरावाच्या सेलपाशी नेलं. त्या सेलमध्ये किरणोत्सर्ग नसतो, पण काच, अंतर आणि यांत्रिक हात अगदी खऱ्यासारखे असतात. म्हणाले, “साहेब, यातला एक बोल्ट बसवून दाखवा.”

चाळीस मिनिटं मी झगडत होतो. जाड काचेतून बघताना वस्तू किती लांब आहे याचा अंदाजच येत नाही. बोल्टचं टोक भोकाच्या कडेवर टेकतं, तिरकं होतं, घसरतं. दोनदा तो खाली पडला. खऱ्या सेलमध्ये खाली पडलेला बोल्ट उचलायला कोणी आत जात नाही. फोरमननी मग पेन्सिल घेतली आणि माझ्याच ड्रॉइंगवर दाखवलं: बोल्टचं टोक शंकूसारखं निमुळतं, भोकाच्या तोंडाला चँफर म्हणजे तिरका उतार, बोल्ट सैल झाला तरी झाकणातच अडकून राहील अशी मान आणि झाकण आपोआप जागेवर येईल असे दोन वेगवेगळ्या उंचीचे गाइड पिन. एक पिन आधी लागते, मग दुसरी. दोन्ही सारख्या उंचीच्या ठेवल्या तर यांत्रिक हाताला एकाच वेळी दोन ठिकाणी नेम धरावा लागतो. त्यांचं शिक्षण आयटीआय, गाव चिपळूणजवळचं. पुढे मी शिकलो ते पुष्कळसं त्यांच्याकडून. तुझा भाऊ त्या जागेवर पोचू शकतो.

पगाराबरोबर बढतीचीही रीत समजून घ्यायला हवी. वैज्ञानिक आणि तांत्रिक कर्मचाऱ्यांना तिथे गुणवत्तेवर बढती मिळते. वरची जागा रिकामी व्हायची वाट बघावी लागत नाही. ठरावीक वर्षांनी तुमच्या कामाचं परीक्षण होतं, मुलाखत होते, आणि काम त्या दर्जाचं असेल तर माणूस त्याच टेबलावर बसून वरच्या श्रेणीत जातो. ही पद्धत होमी भाभांच्या विचारातून आली. चांगला संशोधक केवळ बढतीसाठी प्रयोगशाळा सोडून प्रशासनात जाऊ नये, हा तिचा उद्देश.

आता तुझं. तुझी वाट केंद्राच्या ट्रेनिंग स्कूलमधून जाते. ते १९५७ साली सुरू झालं आणि तेव्हापासून तिथल्या माणसांची ओळखच ‘कितवी बॅच?’ या प्रश्नाने होते. इंजिनीअर आणि एमएस्सी झालेल्यांसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो, त्याला सगळे ‘ओसीईएस’ म्हणतात. प्राथमिक चाळणी ‘गेट’ या देशपातळीवरच्या परीक्षेच्या गुणांवर किंवा केंद्राच्या स्वतःच्या ऑनलाइन परीक्षेवर होते. पदवीला किमान ६० टक्के लागतात आणि खुल्या वर्गासाठी वयाची मर्यादा २६. ट्रेनिंग स्कूल फक्त मुंबईत आहे असं समजू नकोस, कल्पाक्कम, इंदूर आणि हैदराबादलाही आहेत. आणखी एक वाट म्हणजे ‘डीजीएफएस’. त्यात आयआयटीसारख्या संस्थेत एमटेक करायला पाठवतात. वर्षभराच्या प्रशिक्षणानंतर सायंटिफिक ऑफिसर सी म्हणून नेमणूक होते. वेतनश्रेणी लेव्हल १०, मूळ पगार ५६,१००, त्यावर महागाई भत्ता वगैरे. बदल्यात तीन वर्षं विभागात सेवा करण्याचं बंधपत्र लिहून द्यावं लागतं.

चाळणीत मिळालेले गुण मुलाखतीच्या दाराशीच संपतात. अंतिम निवड फक्त मुलाखतीवर होते. हे कळल्यावर मुलं घाबरतात, पण मला विचारशील तर लहान गावातल्या कॉलेजच्या मुलीला हीच मोठी संधी आहे. तुझं कॉलेज कोणतं याने तिथे फरक पडत नाही. आवडीचे विषय तुलाच विचारतात आणि मग त्या विषयात अगदी तळापासून सुरुवात करतात. समज, तू स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स म्हणालीस. एका टोकाला धरलेली पट्टी काढायला सांगतील, वजन टांगतील, ताण कुठे जास्त विचारतील. मग पट्टी तापवतील. मग दोन्ही टोकं धरतील. मग म्हणतील, आता ही नळी आहे आणि आतून गरम पाणी वाहतंय. अर्धा-पाऊण तास हे चालतं आणि शेवटी तू अशा जागी पोचतेस जिथे उत्तर येत नाही. तिथे त्यांना तुझा विचार कसा चालतो ते बघायचं असतं. ‘हे मला येत नाही, पण असा प्रयत्न करून बघते’ म्हणणारी मुलगी त्यांना आवडते. पाठ केलेलं सूत्र फेकून गप्प बसणाऱ्याचा तिथे निभाव लागत नाही. तिसऱ्या वर्षाला आहेस तर आतापासून चार-पाच मूळ विषय निवड आणि त्यातलं प्रत्येक सूत्र कुठून आलं ते स्वतः कागदावर काढायला लाग. इंग्रजी अडखळलं तरी चालेल, आकृती स्पष्ट हवी.

‘अणुभट्टीत मेकॅनिकलवालीचं काय काम’ असं तू लिहिलंयस. अणुऊर्जा आयोगाचे माजी अध्यक्ष अनिल काकोडकर यांचंच बघ. १९६३ साली मुंबईच्या व्हीजेटीआयमधून ते मेकॅनिकल इंजिनीअर झाले, १९६४ मध्ये ट्रॉम्बेला रुजू झाले आणि ध्रुव अणुभट्टीच्या रचनेत आणि उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. ध्रुवची हकीकत तुझ्या विषयाचीच आहे. १०० मेगावॉटची ही संशोधन-अणुभट्टी ८ ऑगस्ट १९८५ रोजी प्रथम क्रांतिक झाली, म्हणजे तिच्यातली अणुविखंडनाची साखळी स्वतःच्या बळावर चालू लागली. पण पुढे शक्ती वाढवताना अडचण आली: शीतकाच्या, म्हणजे इंधन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, जोराच्या प्रवाहात इंधनाच्या कांड्या थरथरू लागल्या. भौतिकीची गणितं बरोबरच होती, कंपनांनी काम अडवलं. इंधनजुडग्याच्या रचनेत बदल करून, तपासून, पुन्हा तपासून, पूर्ण शक्तीला पोचायला १९८८ साल उजाडलं. तू एखादी गोष्ट तीन वर्षं उलटसुलट तपासू शकशील का, आणि रोज संध्याकाळी आज काय जमलं नाही ते वहीत स्वच्छ लिहून ठेवशील का? उत्तर ‘हो’ असेल तर ये. चटकन निकाल दिसला पाहिजे असा स्वभाव असेल तर दुसरीकडे तू जास्त सुखी होशील, आणि त्यात कमीपणा नाही.

अणुभट्टीपलीकडेही काम पुष्कळ आहे. आपल्याकडे शेतकरी ज्याला ‘टॅग चोवीस’ म्हणतात तो भुईमूग ट्रॉम्बे आणि अकोल्याचा आहे, नावातली अक्षरं त्याचीच. ‘टीएयू एक’ हा उडीदही तसाच. लासलगावला कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून किरण-प्रक्रिया करायचं केंद्र २००२ पासून आहे. २००७ साली भारतीय आंबा अमेरिकेत जायला लागला, तो तिथूनच प्रक्रिया होऊन गेला. परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून थायरॉइडच्या आणि कर्करोगाच्या रुग्णांवर किरणोत्सारी औषधांनी उपचार करतंय. आणि तुझ्या घरापासून सगळ्यात जवळचं म्हणजे औंढा नागनाथ. हिंगोली जिल्ह्यात तिथे लायगो-इंडिया ही गुरुत्वलहरींची वेधशाळा उभी राहतेय. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले आणि ते काम अणुऊर्जा विभागाकडे आहे. गुरुत्वलहरी पकडायला काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या लागतात, आणि त्यांच्या आत जवळजवळ काहीही उरणार नाही इतकी निर्वात पोकळी राखावी लागते. वेल्डिंग, गळती शोधणं, उष्णतेने होणारं प्रसरण, कंपनं, हे सगळं तुझंच काम आहे.

नेमणूक मात्र मुंबईतच मिळेल असं धरून चालू नकोस. तारापूर, म्हैसूर, विशाखापट्टणम, कुठेही जावं लागेल. मुंबईत मिळाली तर अणुशक्तीनगरची वसाहत आहे. घर, शाळा, दवाखाना आणि कामावर नेणारी बस, सगळं आलं. एकट्या मुलीला मुंबईत पाठवायला आईला धीर होत नाही असं लिहिलंयस. पहिलं वर्ष हॉस्टेलमध्ये जातं, आणि त्या वर्षात अभ्यास आणि परीक्षा इतक्या असतात की मुंबई बघायला वेळ मिळत नाही, असं त्यांना सांग.

किरणोत्सर्गाची भीती. अशा जागी काम करणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर किरणांची मात्रा मोजणारा टीएलडी बिल्ला असतो. प्लास्टिकच्या डबीत ॲल्युमिनियमची पट्टी आणि तिच्यावर डिस्प्रोशियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन लहान चकत्या. चकतीवर किरण पडले की त्यांची थोडी ऊर्जा आत अडकून राहते. ठरावीक काळाने बिल्ला प्रयोगशाळेत जातो, चकती तापवतात, अडकलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते आणि त्या प्रकाशावरून मात्रा मोजतात. एकेका चकतीसमोर वेगळा पडदा असतो, म्हणून किरण कोणत्या जातीचे होते तेही कळतं. काम करणाऱ्यासाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (हे किरणांच्या मात्रेचं एकक), आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. तुलनेसाठी सांगतो, माती, हवा, अन्न आणि आकाशातून आपल्या सगळ्यांना जगाच्या सरासरीने वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट तसेच मिळतात. गरोदर असल्याचं कळवल्यावर पोटातल्या बाळासाठी उरलेल्या काळाची मर्यादा १ मिलिसिव्हर्ट, आणि त्याप्रमाणे काम बदलून मिळतं. तू स्त्री म्हणून हे विचारलंस ते बरं केलंस, पुष्कळ मुली संकोचाने विचारत नाहीत.

भीती बाळगू नकोस, पण सवय होऊ देऊ नकोस. बिल्ला टेबलाच्या खणात ठेवून आत जाणारा, बाहेर येताना हात-पाय तपासायच्या यंत्रावर उभं राहायचा कंटाळा करणारा, अशी माणसं स्वतःला आणि दुसऱ्यांना गोत्यात आणतात. तिथे कोणी नवा मुलगा ‘साहेब, तुमचा बिल्ला?’ म्हणाला तर ज्येष्ठ माणसानेही मुकाट मागे फिरायचं असतं.

काकांना तिथे सुरक्षेचं काम मिळेल का, याचं उत्तर दोन भागांत आहे. फाटकावर बंदूक घेऊन दिसतो तो जवान सीआयएसएफचा. तो गृहमंत्रालयाच्या दलातला, त्याची भरती वेगळी आणि बदलीही. याशिवाय विभागाची स्वतःची सुरक्षा शाखा असते. सुरक्षा रक्षक, सहायक सुरक्षा अधिकारी अशी पदं जाहिरातीने भरतात, लेखी परीक्षेबरोबर शारीरिक चाचणी असते आणि माजी सैनिकांना वयात सवलत मिळते. अग्निशमन शाखेचंही तसंच. काकांनी ती जाहिरात बघावी. पास तपासणं, आत-बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूची नोंद ठेवणं, पाहुण्यांसोबत राहणं हे काम शिस्तीच्या माणसाला जमतं.

पण तुलाही सुरक्षेत काम मिळू शकतं, आणि ते तुझ्या लक्षात आलेलं दिसत नाही. अणुसाहित्याचा हिशेब ठेवणं, कुंपणावरचे संवेदक, किरणोत्सारी पदार्थ लपवून नेला तर ओळखणारी फाटकं, नियंत्रण-संगणकांचं रक्षण, हे सगळं इंजिनीअरांचं काम आहे. २०१९ साली तमिळनाडूतल्या कुडनकुलम अणुवीज प्रकल्पाच्या एका कार्यालयीन संगणकात घातक सॉफ्टवेअर सापडलं होतं. तो संगणक इंटरनेटला जोडलेल्या प्रशासकीय जाळ्यातला होता, अणुभट्टी चालवणारं जाळं त्यापासून तोडलेलं होतं. ही ताटातूट आधीच कोणीतरी आखून ठेवली होती म्हणून तो धोका तिथेच थांबला.

दिल्लीच्या मायापुरीचंही बघ. २०१० साली एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत अनेक वर्षं न वापरता पडलेलं गॅमा उपकरण भंगारात विकलं गेलं. आत कोबाल्ट-६० हा तीव्र किरणोत्सारी पदार्थ होता. भंगारवाल्यांना काय माहीत असणार? त्यांनी ते उघडलं, कापलं, तुकडे दुकानात राहिले. माणसांची कातडी काळी पडली, केस गळाले, एकाचा जीव गेला. डॉक्टरांना शंका आली आणि मग तज्ज्ञांची पथकं मापनयंत्रं घेऊन त्या गल्लीत शिरली. भंगाराच्या ढिगातून एकेक तुकडा शोधून शिशाच्या भांड्यात बंद करावा लागला. इथे हल्लेखोर कोणी नव्हता. एका वस्तूची नोंद ठेवायची राहिली होती. आपल्याकडे सुरक्षा म्हटलं की पहारा डोळ्यांसमोर येतो, मला मात्र ती वही आठवते ज्यात ते उपकरण कुठे आहे हे लिहिलेलं असायला हवं होतं.

घरी काही सांगता येत नाही, हे बऱ्याच अंशी खरं आहे. आत फोन नाही, कॅमेरा नाही. रुजू होण्याआधी पोलीस चौकशी होते. शासकीय गुपिते कायदा लागू असतो, शोधनिबंधालाही आधी परवानगी लागते. चौतीस वर्षांत आमच्या आईला मी ‘यंत्राचं काम करतो’ एवढंच सांगितलं. ती गेली तोवर तिला तेवढंच माहीत होतं, आणि याचं मला अजून वाईट वाटतं. जे केलं त्यातलं सर्वांत चांगलं काम मी कोणाला दाखवू शकलो नाही. तुला चार लोकांनी तुझं काम बघावं असं मनापासून वाटत असेल, तर औंढ्यासारखी किंवा शेती-आरोग्याची शाखा माग, तिथे बोलायला मोकळीक आहे.

आता कामाचं. अर्ज फक्त केंद्राच्या अधिकृत संकेतस्थळावरून करायचा. ‘आत ओळख आहे, दोन लाख द्या’ म्हणणारा माणूस परभणीच्या बसस्टँडपासून चेंबूरपर्यंत कुठेही भेटेल, त्याला दारात उभं करू नका. ओबीसी असाल तर दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यातला काढा, राज्याचा चालत नाही. एसईबीसीचं, म्हणजे सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गाचं, आरक्षणही राज्यापुरतंच आहे. केंद्राच्या भरतीत ते धरत नाहीत, नियमात बसत असाल तर आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला काढावा लागेल. या एका कागदापायी आपल्या भागातली मुलं कागदपत्र तपासणीच्या टेबलावरून परत जातात. आणि भावाची जन्मतारीख मला कळव, बावीस पूर्ण व्हायला किती महिने आहेत ते बघून त्याचा अभ्यास कसा लावायचा ते लिहितो.